अणूंच्या स्पिनने चुंबकीय क्षेत्र आणि फिरण्याचा वेग कसा मोजायचा: प्रयोगशाळेत नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी

रुबिडियमचा अणू चुंबकीय क्षेत्रात असला की त्याचा स्पिन, म्हणजे ज्याच्यामुळे अणू चिमुकल्या चुंबकासारखा वागतो तो अंगभूत कोनीय संवेग, त्या क्षेत्राच्या दिशेभोवती घुमू लागतो, कललेला भोवरा घुमता घुमता शंकू काढतो तसा. या घुमण्याच्या वेगाला लार्मर वारंवारिता म्हणतात आणि ती क्षेत्राच्या प्रमाणात असते. रुबिडियम-87 साठी हे प्रमाण एका नॅनोटेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, नॅनोटेस्ला त्याचा अब्जावा भाग) जवळजवळ 7 हर्ट्झ, रुबिडियम-85 साठी 4.67 हर्ट्झ. हे आकडे निसर्गाने ठरवलेले आहेत. उपकरण जुने झाले म्हणून ते बदलत नाहीत, आणि पुण्यातला अणू आणि प्रिन्स्टनमधला अणू यांत काडीचाही फरक नाही. वारंवारिता ही आपल्याला सर्वात अचूक मोजता येणारी राशी, त्यामुळे अणूवर आधारलेले मोजमाप इतके बारीक होऊ शकते.

पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख तिच्याभोवती आहे. वारंवारिता बदलली एवढेच अणू सांगतो, कशामुळे बदलली ते सांगत नाही. क्षेत्र वाढले तरी ती बदलते. तुमचे टेबल फिरले तरी बदलते, कारण स्पिन अवकाशात आपल्या गतीने घुमत असतो आणि त्याच्याकडे बघणारे तुम्हीच फिरत असता. लेझरचा प्रकाश थोडा सरकला तरी बदलते. क्षेत्र, फिरणे आणि प्रकाश हे तीन संशयित कायम एकत्र हजर असतात, आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे हेच या विषयातले खरे कसब आहे. संवेदनशीलतेचे विक्रमी आकडे वाचून भारावलेला विद्यार्थी बहुतेक वेळा इथेच अडकतो.

हा लेख एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांसाठी, नुकतेच पीएच.डी.ला लागलेल्यांसाठी आणि इलेक्ट्रॉनिक्सकडून या विषयाकडे वळलेल्या अभियंत्यांसाठी आहे. घरच्या टेबलावर करण्याचा हा उद्योग नाही. लेझर हाताळण्याचा अनुभव असलेले कोणीतरी सोबत हवेच.

पायरी 1: आधी कागदावर आकडे मांडा

अलिबाग-मुंबई परिसरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 43,000 नॅनोटेस्ला आहे. म्हणजे रुबिडियम-87 चा स्पिन सेकंदाला सुमारे 3 लाख वेळा घुमेल आणि रुबिडियम-85 चा सुमारे 2 लाख वेळा. 300 किलोहर्ट्झ आणि 200 किलोहर्ट्झ हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पहिला सिग्नल शोधताना कुठे बघायचे हे त्यांच्यामुळे कळते.

आता फिरण्याचा हिशोब. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे सुमारे 11.6 मायक्रोहर्ट्झ. रुबिडियम-87 च्या वारंवारितेत एवढाच फरक पाडायला 1.7 फेम्टोटेस्ला क्षेत्र पुरते. एक फेम्टोटेस्ला म्हणजे एका नॅनोटेस्लाचा दहा लाखावा भाग. थोडक्यात, रुबिडियम क्षेत्राला इतका हळवा आहे की त्याच्या गोंगाटात पृथ्वीचे फिरणे बुडून जाते. फिरणे मोजायला क्षेत्राकडे फारसे लक्ष न देणारा स्पिन हवा, आणि तो निष्क्रिय वायूंच्या केंद्रकात मिळतो. झेनॉन-129 चे प्रमाण एका मायक्रोटेस्लाला 11.78 हर्ट्झ, म्हणजे रुबिडियमच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्याएवढे. फिरण्यामुळे पडणारा फरक मात्र दोघांसाठी सारखाच. रुबिडियमचा स्पिन मुख्यतः त्याच्या इलेक्ट्रॉनचा असतो. तेव्हा चुंबकमापकाला इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि जायरोस्कोपला, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणाला, केंद्रकाचा स्पिन, ही वाटणी या एका भागाकारातून निघते.

पायरी 2: जागा निवडा

मुंबईचा इतिहास इथे उपयोगी पडतो. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या क्षेत्राची नोंद होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागले तेव्हा डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला नेण्यात आले. तिथे 1904 पासून नोंदी सुरू झाल्या आणि 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी झाली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी नीट जोडता यावी. तिथल्या इमारतींना चुंबकीय गुणधर्म नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. हे शेवटचे वाक्य सह्याद्रीकडच्या वाचकांनी दोनदा वाचावे. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि लाव्हा थंड होताना त्यात शिरलेले चुंबकत्व अजून टिकून आहे. जुन्या दगडी इमारतीतल्या प्रयोगशाळेत भिंतीपासून हातभर सरकले तरी क्षेत्र बदललेले दिसू शकते.

टेबल भिंतीपासून, लोखंडी कपाटापासून आणि लिफ्टच्या वाटेपासून दूर, खोलीच्या मध्यावर घ्या. लाकडी किंवा ॲल्युमिनियमचे असेल तर उत्तम. तारेतून 1 अँपिअर प्रवाह जात असेल तर एक मीटरवर 200 नॅनोटेस्ला क्षेत्र तयार होते, म्हणजे रुबिडियम-87 च्या वारंवारितेत 1,400 हर्ट्झचा फरक. म्हणून जाणारी आणि येणारी तार नेहमी एकमेकींना पीळ घालून न्या. खिशातल्या किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल, चाकांची लोखंडी खुर्ची हे सगळे बाजूला. स्क्रूसुद्धा पितळी किंवा टायटॅनियमचे घ्या. स्टेनलेस स्टील चुंबकीय नसते असे दुकानदार सांगतो, पण वाकवलेले किंवा आटे पाडलेले स्टेनलेस पुष्कळदा चुंबकीय निघते. प्रत्येक तुकडा फ्लक्सगेट या चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाजवळून फिरवून बघा.

पायरी 3: बाष्पाचा सेल

सेल म्हणजे काचेची बंद कुपी, आत रुबिडियमचा कणभर साठा. रुबिडियम 39 अंश सेल्सिअसला वितळते, आणि खोलीच्या तापमानालाही एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण 10 अब्ज अणू बाष्परूपात असतात. सुरुवातीच्या प्रयोगाला 45–50 अंशांपर्यंत तापवले की पुरेसे.

रिकाम्या सेलमध्ये अणू सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगाने धावतो, काचेवर आपटतो आणि स्पिनची दिशा हरवतो. दोन-अडीच सेंटिमीटरच्या सेलमध्ये हे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागातच घडते, आणि स्पिन जितका कमी टिकेल तितकी रेषा, म्हणजे वारंवारितेच्या आलेखावर लार्मर वारंवारितेपाशी दिसणारा सिग्नल, रुंद होते. यावर दोन उपाय आहेत. एक, सेलमध्ये नायट्रोजन किंवा निऑनसारखा वायू भरायचा, म्हणजे अणू भिंतीपर्यंत रेंगाळत पोहोचतो. दोन, आतून पॅराफिनसारख्या पदार्थाचा लेप द्यायचा, म्हणजे आपटूनही स्पिन टिकतो. नवख्यांनी वायू भरलेला सेल घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. लेपाचा सेल सुंदर असतो, पण तापमान थोडे जास्त झाले की लेप खराब होतो. आणि दोन्ही आइसोटोप (रुबिडियम-85 आणि रुबिडियम-87) असलेला नैसर्गिक रुबिडियमचाच सेल मागवा. त्याचे कारण सहाव्या पायरीत आहे.

सेल फोडू नका. रुबिडियम हवेत आणि पाण्यात पेटते.

पायरी 4: प्रकाश

फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड कास्लर यांनी 1950 च्या सुमारास ज्या युक्तीचा पाया घातला आणि जिच्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल मिळाले, ती ऑप्टिकल पंपिंगची युक्ती अशी: वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचा (ज्याच्या विद्युत क्षेत्राची दिशा गोल फिरत पुढे जाते) प्रत्येक फोटॉन अणूला कोनीय संवेगाचा एक हिस्सा देतो. हळूहळू बहुतेक अणू अशा अवस्थेत जमा होतात जिथून तो प्रकाश आणखी शोषता येत नाही. सेल पारदर्शक होऊ लागतो. म्हणजे अणूंचे स्पिन एका दिशेला लागले आहेत की नाहीत, हे पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशावरूनच कळते.

रुबिडियम ज्या ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो त्यांतली डी-1 रेषा घ्या, तरंगलांबी 795 नॅनोमीटर. एकाच वारंवारितेचा डायोड लेझर, नंतर पोलरायझर, नंतर प्रकाश वर्तुळाकार ध्रुवित करणारी, 45 अंशांवर फिरवलेली क्वार्टर-वेव्ह प्लेट, मग सेल आणि शेवटी फोटोडायोड. सेलवर पडणारी शक्ती मिलिवॉटच्या खालीच ठेवा. जास्त प्रकाशाने सिग्नल मोठा दिसतो पण रेषाही रुंद होते.

795 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला अगदी फिका लाल दिसतो किंवा दिसतच नाही. प्रत्यक्षात डोळ्याच्या पडद्याला इजा करण्याइतकी शक्ती त्यात असते. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला संरक्षक चष्मा घाला, किरण टेबलाच्या पातळीत ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, आणि किरण शोधायला इन्फ्रारेड कार्ड वापरा.

पायरी 5: कॉइल आणि उष्णता

तीन दिशांना तीन हेल्महोल्ट्झ जोड्या, म्हणजे समोरासमोर त्रिज्येएवढ्या अंतरावर ठेवलेल्या एकसारख्या दोन-दोन कॉइल, लावा. प्रत्येक कॉइलला 50 वेढे आणि 10 सेंटिमीटर त्रिज्या असेल तर 0.1 अँपिअरला मध्यावर सुमारे 45,000 नॅनोटेस्ला मिळतात, म्हणजे पृथ्वीचे क्षेत्र रद्द करायला पुरेसे. प्रवाहाचा स्रोत मात्र चांगला घ्या, कारण 0.1 अँपिअरमध्ये दहा लाखात एक भाग डुलला तरी 0.045 नॅनोटेस्लाचा गोंगाट तुम्ही स्वतःच तयार करता.

हीटरची तार पिळून गुंडाळा आणि तिला डीसी देऊ नका. सिग्नलपासून दूरच्या वारंवारितेचा एसी द्या, किंवा मोजताना हीटर काही सेकंद बंद करा. गरम हवा खेळवण्याची जुनी पद्धतही उत्तम चालते.

पायरी 6: पहिला सिग्नल

क्षेत्राची दिशा आणि किरणाची दिशा एक करा. आपल्याकडे पृथ्वीच्या क्षेत्राची रेषा उत्तरेकडे जमिनीत सुमारे 25 अंश झुकलेली असते, तेव्हा कॉइलने उभा घटक रद्द करून किरण उत्तर-दक्षिण ठेवला की काम होते. उभा घटक गेल्यावर क्षेत्र थोडे कमी होते हे लक्षात घ्या. सिग्नल 300 च्या जरा खाली, 270 किलोहर्ट्झच्या आसपास शोधावा लागेल.

सेलभोवती किरणाला काटकोनात चार-पाच वेढ्यांची छोटी कॉइल लावा आणि तिला फंक्शन जनरेटरमधून रेझिस्टर घालून अगदी क्षीण प्रवाह द्या. ऑसिलोस्कोपवर फोटोडायोडचा सिग्नल ठेवा आणि जनरेटरची वारंवारिता सावकाश फिरवा. लार्मर वारंवारितेला पोहोचलात की रांगेत लागलेले स्पिन विस्कटतात, सेल पुन्हा प्रकाश शोषू लागतो आणि सिग्नल खाली बसतो. हा डिप काही टक्क्यांचाच असतो, पण एकदा दिसला की डोळ्यांतून सुटत नाही.

हा डिप खरोखर रुबिडियमचा आहे हे कसे सिद्ध करायचे? लेझर दुसऱ्या आइसोटोपच्या रेषेवर सरकवा आणि पुन्हा वारंवारिता फिरवा. नवा डिप पहिल्याशी 3:2 या प्रमाणात आला पाहिजे. नंतर कॉइलचा प्रवाह बदला. दोन्ही डिप सरकतील, प्रमाण तेच राहील. बाहेरचे कोणतेही प्रमाणित उपकरण न लावता तुम्ही क्षेत्र मोजले आहे आणि ते दोन वेगळ्या अणूंनी एकमेकांशी ताडून पाहिले आहे. नैसर्गिक मिश्रणाचा सेल घ्यायचा तो यासाठी.

डिप रुंद असेल तर क्रम पाळा. आधी छोट्या कॉइलचा प्रवाह कमी करत जा, रुंदी कमी व्हायची थांबेपर्यंत. मग लेझरची शक्ती. तरीही रुंद राहिला तर क्षेत्र सेलभर सारखे नाही किंवा 50 हर्ट्झचे विजेचे क्षेत्र त्याला हलवते आहे. फक्त 100 नॅनोटेस्लाचे 50 हर्ट्झ क्षेत्र रेषेला दोन्हीकडे 700 हर्ट्झ हलवते. अशा खोलीत रेषा अरुंद करण्यासाठी लेझरशी झटत बसण्यात अर्थ नसतो.

पुढची सुधारणा म्हणजे लेझरचा प्रवाहच लार्मर वारंवारितेने मॉड्युलेट करायचा. ही 1961 ची बेल आणि ब्लूम यांची पद्धत. छोटी कॉइल निघून जाते आणि क्षेत्र किरणाला काटकोनात ठेवता येते.

पायरी 7: संशयितांची चौकशी

आता लॉक-इन अँप्लिफायर (ठरावीक वारंवारितेचाच सिग्नल गोंगाटातून वेचणारे उपकरण) लावा, रेषेच्या मध्यावर थांबा आणि सिग्नल काही मिनिटे नोंदवा. त्या नोंदीला अर्थ येण्यासाठी कॉइलमधून ज्ञात मोठेपणाचा एक सूर मिसळा, समजा 1 नॅनोटेस्ला, 7 हर्ट्झ. फूरिये आलेखात (कोणत्या वारंवारितेला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या) 7 हर्ट्झवर उभा राहिलेला सुळका ही तुमची पट्टी. तिच्या तुलनेत खालचा गोंगाट किती आहे ते वाचा.

प्रकाशाचा हात आहे का ते दोन चाचण्यांनी कळते. लेझरची शक्ती दुप्पट करा. वारंवारिता सरकली तर संशय पक्का. मग क्वार्टर-वेव्ह प्लेट 90 अंश फिरवून ध्रुवणाची दिशा उलटी करा. रेषेपासून थोडा सरकलेला ध्रुवित लेझर अणूला किरणाच्या दिशेने लावलेल्या चुंबकीय क्षेत्रासारखाच भासतो आणि ध्रुवण उलटले की त्या भासमान क्षेत्राचे चिन्ह उलटते. खरे क्षेत्र उलटत नाही. दोन्ही मोजमापांची सरासरी घेतली की हा भाग बराचसा जातो. पृथ्वीच्या क्षेत्रात आणखी एक त्रास आहे: अणूच्या वेगवेगळ्या पातळ्यांमधली अंतरे अगदी सारखी नसतात, त्यामुळे सेन्सरची दिशा बदलली की आकडाही बदलतो. विमानातून किंवा ड्रोनवरून सर्वेक्षण करणाऱ्यांना ही चूक फार छळते.

भूचुंबकीय वादळाच्या दिवशी मोजलेले आकडे तपासायचे असतील तर अलिबाग वेधशाळेची नोंद ताडून पाहा. नवी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते.

पायरी 8: शील्ड आणि शून्याजवळचे जग

शील्ड म्हणजे बाहेरचे क्षेत्र अडवणारे कवच. त्यासाठी म्यू-मेटल या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची तीन ते पाच आवरणे एकात एक घालतात. प्रत्येक आवरण बसवल्यावर आणि दरवेळी उघडल्यावर त्यात एसी प्रवाह देऊन तो सावकाश शून्यावर आणत डिगॉस करावे, म्हणजे त्यात उरलेले चुंबकत्व घालवावे लागते. म्यू-मेटल आपटू नका, वाकवू नका; त्याचे गुण जातात.

आत क्षेत्र शून्याजवळ आणले आणि सेल 150 अंशांच्या आसपास तापवला की एक विलक्षण गोष्ट घडते. अणू इतके दाट होतात की एकमेकांवर सतत आदळतात. एरवी या टकरींनी रेषा रुंद होते, पण टकरी घुमण्याच्या वेगापेक्षा कितीतरी भराभर होऊ लागल्या की सगळे अणू एकत्र घुमतात आणि रेषा उलट अरुंद होते. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हॅपर यांनी 1970 च्या दशकात हे दाखवले. पुढे प्रिन्स्टनमध्ये मायकेल रोमालिस यांच्या गटाने 2003 मध्ये याच तत्त्वावर पोटॅशियमने 0.54 फेम्टोटेस्ला प्रति रूट हर्ट्झ ही संवेदनशीलता गाठली (हा गोंगाटाचा आकडा, जितका लहान तितका चांगला). मेंदूतून येणारी क्षेत्रे दहा ते काहीशे फेम्टोटेस्ला असतात. ती मोजायला पूर्वी उणे 269 अंशांवरचे द्रवरूप हेलियम लागे. आता डोक्याजवळ लावता येणाऱ्या छोट्या सेलनी ते होते. वैद्यकीय उपयोगात रस असेल तर हीच शाखा धरा.

पायरी 9: फिरणे

फिरण्यासाठी सेलमध्ये रुबिडियमसोबत झेनॉनचे दोन आइसोटोप भरा, 129 आणि 131. लेझर रुबिडियमचे स्पिन रांगेत लावतो, रुबिडियम टकरींतून ती रांग झेनॉनच्या केंद्रकांना देतो, आणि ती केंद्रके घुमू लागली की त्यांचे क्षीण क्षेत्र तोच रुबिडियम वाचतो. 10 मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात झेनॉन-129 सुमारे 117.8 हर्ट्झने घुमतो, झेनॉन-131 सुमारे 34.9 हर्ट्झने, आणि दोघे विरुद्ध दिशांना. त्यामुळे टेबल फिरले की एकाची वारंवारिता वाढते आणि दुसऱ्याची तेवढीच कमी होते. क्षेत्र वाढले तर मात्र दोन्ही आपापल्या प्रमाणात वाढतात. पहिल्या वारंवारितेतून दुसरीची 3.37 पट वजा करा: क्षेत्र नाहीसे होते, उरते ते फिरण्याच्या वेगाच्या 4.37 पट. प्रत्यक्षात हे प्रमाण आणखी बऱ्याच दशांश स्थळांपर्यंत लागते, आणि ते आपल्याच सेलवर क्षेत्र थोडे बदलून काढावे.

प्रिन्स्टनच्या गटाने 2005 मध्ये पोटॅशियम आणि हेलियम-3 यांची जोडी घेऊन वेगळा मार्ग दाखवला. तिथे हेलियमचे चुंबकत्व बाहेरच्या क्षेत्रातले सावकाश बदल आपोआप झाकून टाकते. सुरेख पद्धत आहे, पण तिथला समतोल नाजूक असतो. दोन झेनॉनची बीजगणिती पद्धत आधी शिकावी.

पहिली चाचणी पृथ्वीवरच घ्या. मुंबईच्या 19 अंश अक्षांशावर उत्तरेकडे आडव्या धरलेल्या अक्षाला पृथ्वीच्या परिवलनाचे तासाला 14.2 अंश मिळतात, दक्षिणेकडे वळवला की तेवढेच उणे. फरक 28.4 अंश, म्हणजे सुमारे 22 मायक्रोहर्ट्झ. टेबल अर्धे फिरवायचे आणि फरक बघायचा, इतके सोपे वाटते. पण पृथ्वीच्या क्षेत्राचा सुमारे 38,000 नॅनोटेस्लाचा उत्तर घटक दहा लाख पट कमी करणाऱ्या शील्डमधूनही 38 पिकोटेस्ला (पिकोटेस्ला म्हणजे नॅनोटेस्लाचा हजारावा भाग) आत झिरपतो, आणि टेबल वळवले की तोही उलटतो. झेनॉन-129 ला 14.2 अंश प्रति तास म्हणजे फक्त 0.93 पिकोटेस्लासारखे. झिरप चाळीसपट मोठी. त्यात महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून जिथे हा कोन मोठा आहे त्या देशांत जसे दिशेच्या फरकावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात, तशी सोय इथे नाही.

म्हणून शील्डच्या बाहेर एक मोठी कॉइल लावा, तिने ज्ञात क्षेत्र द्या आणि आत किती पोहोचते ते आधी मोजून ठेवा. मग त्याच कॉइलने बाहेरचे उत्तर क्षेत्र रद्द करून मोजणी घ्या आणि रद्द न करता पुन्हा घ्या. दोन झेनॉनच्या वजाबाकीतून आलेला वेग दोन्ही वेळा तोच आला तर तो फिरण्याचा, बदलला तर वजाबाकीचे प्रमाण अजून बरोबर नाही. टेबल पूर्व-पश्चिम ठेवूनही एक नोंद घ्या. तिथे फिरण्याचा वेग शून्य यायला हवा. आणि मोजणीचा क्रम उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असा ठेवण्यापेक्षा उत्तर, दक्षिण, दक्षिण, उत्तर असा ठेवा, म्हणजे दुपारभर सेलचे तापमान एकाच गतीने सरकत असेल तर ते सरासरीत कटून जाते.